बाप्तिस्म्याच्या वर्गात एक प्रश्न राहून जातो : पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी भागातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच आणि वडीलधारी मंडळी यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

ईस्टरच्या आधी आपल्याकडे बाप्तिस्म्याचे आणि दृढीकरणाचे वर्ग भरतात. शेवटच्या दिवशी उमेदवार पंचांसमोर उभा राहतो. प्रश्न ठरलेले असतात. दहा आज्ञा म्हण. प्रभूची प्रार्थना म्हण. विश्वासांगीकार म्हण. येशू तुझा तारणारा आहे का? हो. नाव वहीत चढतं, पांढरे कपडे शिवायला टाकले जातात, जेवणाचं ठरतं.

या प्रश्नांवर आमचा राग नाही. पाठांतर हवंच, रात्री झोप उडाली की पाठ असलेलं वचनच तोंडात येतं. पण एक प्रश्न राहून जातो. तो असा : वर्गाच्या या बारा आठवड्यांत वचन ऐकून तू काय करायचं थांबवलंस, आणि काय करायला लागलास? मत्तय ७:२१ मध्ये प्रभूने सांगितलं की ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण नव्हे, तर बापाच्या इच्छेप्रमाणे करणारा राज्यात जाईल. त्याच्यापुढे आपली तपासणी टिकत नाही, कारण आपण नेमकं तेवढंच तपासतो : तो ‘प्रभू’ म्हणतो की नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. मग तारण कर्मांनी होतं का? नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठवं आणि नववं वचन ती वाट बंद करतं. फक्त आपल्याकडे वाचन नवव्यावर थांबतं आणि दहावं राहतं. दहाव्यात म्हटलं आहे की आपल्याला ज्या सत्कर्मांसाठी घडवलं ती देवाने आधीच तयार करून ठेवली आहेत. पौल रोमकरांस पत्राच्या सुरुवातीला (१:५) आणि शेवटी (१६:२६) विश्वासाचं आज्ञापालन असा एकच जोडशब्द वापरतो. त्या दोन टोकांच्या मध्ये कृपेचं सगळं शिक्षण आहे. म्हणजे कृपा शिकवणाऱ्या माणसालाही विश्वास आणि आज्ञापालन वेगळं करता आलेलं नाही.

वर्गात हे समजावायला गावातली डेअरी पुरते. सकाळी सहाला कॅन आला की दूध आधी ढवळतात, मापात घेतात आणि लॅक्टोमीटर सोडतात. पाणी घातलेलं असेल तर तो खाली बुडतो, आकडा पडतो. लॅक्टोमीटर दूध तयार करत नाही. दूध म्हशीनं दिलं. तो फक्त दाखवतो. आज्ञापालनाचं तसंच आहे. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. साय काढली की दूध जड होतं आणि आकडा चढतो. मग त्यात हिशेबाने पाणी घातलं तर आकडा पुन्हा बरोबर जागी येतो. साय पण काढली, पाणी पण घातलं, आणि लॅक्टोमीटर म्हणतो चोख. म्हणून डेअरीत फॅट वेगळी मोजतात. एका मापाला फसवता येतं, दोन्हींना एकदम फसवणं अवघड. विश्वासालाही दोन मापं लागतात : आज्ञापालन आणि समर्पण. एकच लावलं की फसगत होते, आणि आपल्या मंडळ्यांत ती दोन्ही बाजूंनी होते.

पहिली फसगत : आज्ञापालन आहे, समर्पण नाही. लूक १५ मधला थोरला मुलगा आपल्याच अंगणात उभा राहून बापाला सांगतो की इतकी वर्षं चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही. खरं बोलतो तो. पण घरात यायला तयार नाही. आपल्याकडे त्याला बहुधा पंच करतात. रविवार चुकत नाही, दशमांश चुकत नाही, आणि भावाशी दहा वर्षं बोलणं नाही.

दुसरी फसगत : समर्पण आहे म्हणतात, आज्ञापालन दिसत नाही. कन्व्हेन्शनच्या शेवटच्या रात्री हात वर, डोळ्यांत पाणी, ‘सगळं तुझ्या चरणी.’ सोमवारी दुकानात तेच खोटं वजन. ते अश्रू खोटे असतातच असं नाही. पण ‘सगळं’ हा शब्द फार सोयीचा आहे. सगळं दिलं म्हणणाऱ्याला नेमकं काय दिलं हे कुणी विचारत नाही. वर्ग घेणाऱ्याने तिथे थांबवून नाव विचारावं. सगळं म्हणजे काय? जमिनीचा वाद? मोबाइल? मुलीच्या लग्नात कुणाला काय दाखवायचं ते? नाव घेता येत नसेल तर अजून काही दिलेलं नाही.

या विषयावर एकच उतारा शिकवायला वेळ असेल तर पहिला शमुवेल १५ घ्या, आणि घाईघाईने बाविसाव्या वचनावर उडी मारू नका. सगळे ‘यज्ञापेक्षा आज्ञा मानणे बरे’ इथूनच सुरू करतात आणि अर्धा धडा हातचा जातो. अमालेक्यांचं सगळं, जनावरांसकट, नष्ट कर अशी आज्ञा राजा शौलाला संदेष्टा शमुवेलाकडून मिळालेली आहे. बाराव्या वचनापासून वाचा. शौलाने मोहिमेवरून येताना स्वतःचं स्मारक उभं केलं आहे. तेराव्यात तो शमुवेलाला बघून आपणहून म्हणतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. चौदाव्यात शमुवेल फक्त विचारतो की मग माझ्या कानावर मेंढरांचं बेंबावणं कसं येतं. पंधराव्यात शौलाच्या तोंडी सर्वनामं बदलतात : चांगली जनावरं ‘लोकांनी’ ठेवली, बाकीची ‘आम्ही’ मारली, आणि ठेवली ती ‘तुझ्या’ देवासाठी. चोविसाव्यात खरं बाहेर येतं, लोकांना भ्यालो. आणि तिसाव्यात, पाप कबूल केल्यावरही, त्याची विनंती काय? लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. उमेदवारांना हीच सर्वनामं वहीत अधोरेखित करायला लावा. नंतर कुणी ‘घरचे ऐकत नाहीत’, ‘धंद्यात सगळेच करतात’ म्हणालं की वर्गातलाच कुणीतरी हसतो आणि काम होतं.

शौलाने जनावरं चोरून नेली नव्हती, वेदीसाठी राखली होती, हे विसरू नका. अर्धं आज्ञापालन नेहमी धार्मिक कपडे घालून येतं. मार्क ७ मधलं ‘कुर्बान’ तेच : आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं असं जाहीर करून मोकळं व्हायचं. म्हातारी आई एकटी भाकरी थापते आहे आणि मुलाच्या नावाची फरशी मंडळीच्या दारात बसली आहे, असं दृश्य दिसलं तर अर्पण घेण्याआधी पंचांनी चौकशी करावी. ते पैसे परत करणं हेही आज्ञापालनच, मंडळीचं.

आता प्रत्यक्ष वर्गाबद्दल. दर आठवड्याला एक आज्ञा, पाठांतरासाठी नाही तर करण्यासाठी. पुढच्या आठवड्यात पहिली दहा मिनिटं फक्त ‘जमलं का, कुठे अडलं’ एवढंच. काही आज्ञा पटकन होतात : शिवी बंद, लॉटरी आणि मटका बंद, शेजाऱ्याच्या आजारी माणसाकडे जाऊन बसणं. त्यांवर फार वेळ घालवू नये. वेळ लागतो तो भरपाईला, आणि तिथेच बहुतेक वर्ग पाय मागे घेतात.

भरपाईचं शास्त्र पवित्र शास्त्रातच हिशेबासकट दिलेलं आहे. लेवीय ६:५ आणि गणना ५:७ : ज्याने आपणहून कबूल केलं त्याने मुद्दल अधिक पाचवा हिस्सा द्यायचा. दहा हजार बुडवले असतील तर बारा हजार. निर्गम २२:१ मध्ये चोरलेलं मेंढरू मारलं किंवा विकलं तर एकास चार. तो पकडलेल्या चोराचा दंड आहे. जकातदार जक्कय लूक १९:८ मध्ये चौपट म्हणतो, तेव्हा कबुली देणाऱ्याची सवलत बाजूला ठेवून चोराचा दर तो स्वतःला लावून घेतो. समर्पण म्हणजे काय हे विचारणाऱ्याला एवढं एक वाक्य पुरे.

करायची पद्धत साधी आहे, पण क्रम चुकला की बिघडते. उमेदवाराने आपल्या वहीत नाव, रक्कम आणि कशाबद्दल हे लिहावं. वही त्याच्याकडेच राहावी, पाळकाकडे नाही. रक्कम आधी नवरा-बायकोत बोलून घ्यावी, कारण घरात न सांगता दिलेल्या पैशाने दुसरा अन्याय होतो. संघाचं किंवा सोसायटीचं नवं कर्ज काढून जुनी भरपाई करू नये. ते ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेणं झालं. एकदम जमत नसेल तर पूर्ण आकडा तोंडाने सांगावा, हप्ता ठरवावा, पहिला हप्ता त्याच भेटीत द्यावा. बोलताना ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द टाळावेत. वाईट वाटण्याचा प्रश्नच नाही, दूध कमी घातलं होतं. आणि समोरचा ‘तूसुद्धा माझ्या बांधावर आलास’ म्हणाला तर त्या दिवशी बांधाचा विषय काढू नये.

सगळ्यात जास्त होणारी चूक : ज्याचं घेतलं त्याला न देता ते पैसे अर्पणाच्या पेटीत टाकणं. पेटीत टाकलं की मान मिळतो, माणसाच्या दारात गेलं की मान जातो, म्हणून मन पेटीकडे ओढतं. गणना ५ मधला क्रम उलटा आहे. आधी ज्याचं नुकसान केलं त्याला. तो हयात नसेल तर त्याच्या नातलगाला. नातलगही नसेल, तरच ते परमेश्वराचं म्हणून याजकाकडे. पाळकसाहेब, अशा रकमेचं पाकीट आपल्या हातात आलं तर एकच प्रश्न विचारा : हे कुणाचं?

काही गोष्टी या पद्धतीत बसवू नयेत. ज्या कबुलीने तिसऱ्याच बाईचं किंवा मुलाचं आयुष्य उघड्यावर पडेल, ती साक्षीच्या वेळी माइकवर येऊ देऊ नका. ती पाळकाजवळ एकांतात. मारहाण आणि मुलांवरचे अत्याचार हे तर मत्तय १८ च्या ‘एकांतात जाऊन दोष दाखव’ खाली घालून मिटवायचे विषयच नाहीत. पोक्सो कायदा २०१२ नुसार मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘त्याने क्षमा मागितली, आता विषय संपला’ म्हणणारा पंच आज्ञा पाळत नाही, मोडतो.

मजुरीचा विषय वेगळा आठवडा देऊन घ्या. अनुवाद २४:१५ सूर्य मावळायच्या आत मजुरी द्यायला सांगतो. आज आठवड्याला हिशेब करायचा दोघांनी ठरवलेला असेल तर त्यात पाप नाही. पाप आहे ते ठरलेल्या दिवशी ‘पुढच्या बाजाराला बघू’ म्हणण्यात. निपाणीकडे हे विडीच्या भाषेत सांगता येतं. पान आणि तंबाखू वजन करून घरी देतात, बाई विड्या वळून हजाराच्या हिशेबाने परत करते. पानं कमी भरली तर तिला पदरचे पैसे घालून आणावी लागतात. मोजताना काही विड्या छाट म्हणून बाजूला पडतात. त्यांची मजुरी नाही, पण त्या फेकूनही देत नाहीत. मोजणारा माणूस रविवारी आपल्यात बसून पेटी वाजवत असेल तर याकोब ५:४ (अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे) हा त्याच्यासाठी रविवारचा धडा नाही, त्याच्या हातातल्या टोपलीचा आहे. यशया ५८:३ तर उपवासाच्याच दिवशी मजुरांना राबवून घेणाऱ्यांना उद्देशून आहे. उपवास-प्रार्थनेची चिठ्ठी छापताना हे वचन खाली छापावं, असं आम्हाला फार दिवस वाटतं. कुणी छापत नाही.

आणि बहिणींचा वाटा. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो. विधवा असेल तर तिला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या मुलांमुलींत सारखं. तीन एकर जमीन, म्हणजे १२० गुंठे. आईला ४०, उरले ८०. दोन मुलगे, दोन मुली, प्रत्येकी २०. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो : लग्नात दिलं ना, म्हणत बहिणीला उपनिबंधक कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात, वर एक साडी. बहिणीने खरंच आपखुशीने सोडलं तर तो तिचा अधिकार आहे. पण आपखुशी कशी ओळखायची? सहीच्या आधी तिला गुंठ्यांचा आकडा सांगितला होता का, आणि ‘नाही’ म्हणाली असती तर दिवाळीला माहेर उरलं असतं का, हे दोन प्रश्न विचारा. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेसमोर वाटा मागितला तेव्हा परमेश्वराने त्यांचं म्हणणं बरोबर ठरवलं (गणना २७:७). हा उतारा आपल्या संडे स्कूलच्या धड्यांत सहसा नसतो, योना आणि मासा मात्र दर वर्षी असतो.

आता समर्पणाबद्दल, कारण तो शब्द आपल्याकडे सगळ्यात ढिला वापरला जातो. गेथशेमानेत (मत्तय २६:३६–४६) प्रभूने आधी स्वतःची इच्छा स्पष्ट सांगितली : हा प्याला टळावा. मग ती बापाच्या हाती दिली. एकदा नाही, तीनदा, आणि मध्ये शिष्यांकडे जाऊन आला. मग उठला आणि समोर चालत गेला. हे तिन्ही भाग शिकवा. पहिला गाळला की माणूस ‘मला काहीच नको’ असं खोटं बोलतो आणि महिन्याभरात कडवट होतो. दुसरा गाळला की प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी. तिसरा गाळला की समर्पण म्हणजे खाटेवर पडून राहणं. मुलाला नोकरी नाही, ‘देवाच्या हाती दिलंय’, आणि अर्ज मात्र भरलेला नाही. ते समर्पण नव्हे. तीनदा या शब्दावरही थांबावं. देवाच्या पुत्रालाही एकदा म्हणून पुरलं नाही, मग पहिल्या रात्री दिलेलं दुसऱ्या दिवशी परत घेतलं म्हणून रडणाऱ्या पोरीला ढोंगी का म्हणायचं? तिला पुन्हा गुडघ्यावर जायला सांगा.

याच शब्दाचा गैरवापर होतो, आणि तो बहुतेक वेळा व्यासपीठावरून होतो. देवाला शरण जा, यातून हळूहळू पाळकाला शरण जा असं निघतं. इब्री १३:१७ (पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा) वाचलं जातं, पण पहिलं पेत्र ५:३, जिथे वडिलांना कळपावर धनीपणा करू नका म्हटलं आहे, ते वाचलं जात नाही. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात तपासून घेतलं आणि त्यांचं कौतुक झालं (प्रेषितांची कृत्ये १७:११). पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्यांनी पत्रांतून वाद घातला, कारण आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या माणसाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या. त्याच रमाबाईंनी पुढे सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना ख्रिस्त भेटला. तोवर फक्त ख्रिस्ती धर्म भेटला होता. माणसापुढे न वाकणं आणि देवापुढे पूर्ण वाकणं एकाच बाईत होतं. आपल्या वर्गांतून बरोबर उलटी माणसं तयार होतात, याचा विचार व्हावा.

‘देवाने मला सांगितलंय’ असं कुणी म्हणालं तर तपासायला सोपं आहे. सांगणाऱ्याचाच त्यात फायदा आहे का? शास्त्रात जे स्पष्ट लिहिलं आहे त्याच्याशी ते जुळतं का? चार दिवस थांबून दुसऱ्याला विचारायची मुभा आहे का? मुभा नसेल तर ते देवाचं नसण्याची शक्यता मोठी. जमिनीच्या बाबतीत तर, विकलेल्या जमिनीचे काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला पेत्राने जे सांगितलं ते लक्षात ठेवा : जमीन होती तोवर तुझी, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता (प्रेषितांची कृत्ये ५:४). पाप न देण्याचं नव्हतं, खोटं बोलण्याचं होतं. समर्पणाच्या नावाखाली कुणाच्या जमिनीचा उतारा मंडळीच्या किंवा पाळकाच्या नावावर चढत असेल तर पंचांनी तो थांबवावा. अर्पणाची मोजणीही एकट्याने करू नये. दुसरं करिंथकर ८:२०–२१ मध्ये पौलाने मदतीच्या रकमेबरोबर माणसं जोडून दिली, ती कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून.

औषधाचंही बोललं पाहिजे. ‘विश्वास आहे तर गोळ्या कशाला’ हे आज्ञापालन नाही. मंदिराच्या शिरोभागावरून उडी मार, देव झेलेल, असं सांगणारा कोण होता ते मत्तय ४ मध्ये आहे, आणि त्यानेही वचनच वाचून दाखवलं होतं. क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात; दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस साक्ष देतो, गोळ्या सोडतो, आणि उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग इलाज लांबतो, आणि घरातल्या लेकराला होतो तोही तसलाच क्षय. इन्सुलिन बंद केलेल्याचं तर काही दिवसांतच बिघडू शकतं. लूक १७:१४ मध्ये प्रभूने कुष्ठरोग्यांना याजकाकडे दाखवायला पाठवलं, कारण बरं झालं की नाही हे ठरवायचं काम तेव्हा त्याचं होतं. आज ते डॉक्टरचं आहे. बरं झाल्याची साक्ष देणाऱ्याला आधी रिपोर्ट विचारा, मग माइक द्या. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘समर्पण कर, देव बदलेल’ असा सल्ला देऊ नका. इफिसकरांस ५:२२ (पत्नींनी पतीच्या अधीन असावं) वाचायचं असेल तर २१ (एकमेकांच्या अधीन असा) आणि २५ (पतींनो, पत्नीवर प्रीती करा) सोडता येत नाही.

सीमाभागातली एक आज्ञा आपल्यालाच आहे, पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांना तिची झळ लागत नाही. एका छताखाली मराठी आराधना आणि कन्नड आराधना असली की वेळेवरून, खोलीवरून, इस्टेटीच्या कमिटीवरून कुरबूर होते, आणि १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, जवळ आला की ती वाढते. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत हेच झालं : ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी तक्रार आली (प्रेषितांची कृत्ये ६:१). उपाय म्हणून जे सात जण निवडले त्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प आणि पुढची. सगळी ग्रीक आहेत. तक्रार करणाऱ्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप दिलं. इब्री बोलणारे बहुसंख्य असूनही. आपली भाषा इथे दुखावलेली आहे हे आम्ही नाकारत नाही, आम्हीही मराठीच. पण मंडळीच्या आत जिथे आपण जास्त आहोत तिथे किल्ली कुणाच्या हातात आहे?

हे सगळं नवं नाही. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आलं. बाबा पदमनजी बेळगावातच १८३१ मध्ये जन्मले. ख्रिस्ताचं सत्य पटूनही घरच्यांच्या आणि समाजाच्या भीतीने ते बराच काळ थांबले. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला तोही बेळगावातच. त्यानंतर तीनेक वर्षांत विधवांच्या हालांवर त्यांनी कादंबरी लिहून काढली. पटणं, थांबणं, वाकणं आणि मग दुसऱ्यासाठी हात चालणं, हा क्रम या मातीत एकदा घडून गेलेला आहे.

आमची मागणी मोठी नाही. तपासणीच्या दिवशी राहून जाणारा तो प्रश्न विचारला जावा, आणि उत्तरात नाव, रक्कम, दिवस असं काहीतरी हाताला लागणारं असावं. तपशील पाळकाला एकांतात. पंचांसमोर फक्त ‘सुरू केलं आहे’ एवढंच. ज्याला अजून जमलं नाही त्याला नापास करू नये, पुढच्या तुकडीत बसवावं आणि तसं प्रेमाने सांगावं. मत्तय २१ मधला पहिला मुलगा आधी ‘नाही’ म्हणाला होता, मळ्यात मात्र तोच गेला. पंच निवडतानाही हाच प्रश्न. फक्त तो मजुरांना देतो ती मजुरी, बहिणींचा वाटा आणि भावाशी बोलणं या तीन गोष्टी गावात विचारून घ्याव्यात, कारण गावाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पुढचा वर्ग सुरू व्हायच्या आधी पंचांची एक बैठक होतेच. त्या दिवशी उमेदवारांची यादी काढायच्या आधी दार लावून घ्या आणि हा प्रश्न पंचांनी एकमेकांना विचारा. चहा नंतर सांगा.

आपले,
बाप्तिस्मा-वर्ग आणि संडे स्कूल घेणारे काही शिक्षक,
बेळगाव–खानापूर–निपाणी परिसर